लंडनमध्ये फ्लॅट विकत घेतल्यावर वीज, गॅस आणि पाणी आपल्या नावावर कसे करावे?

किल्ल्या हाती पडतील त्याच दिवशी वीज आणि गॅस या दोन्ही मीटरांचे, क्रमांक आणि रीडिंग स्पष्ट दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. बाकीची कामे त्यानंतरची. महावितरणकडे नाव बदलताना जोडावी लागते तशी कागदपत्रांची चळत इंग्लंडमध्ये सहसा लागत नाही. जुन्या मालकाला वीज-गॅस देणाऱ्या कंपनीकडूनच पुरवठा चालू राहतो आणि ताब्याच्या दिवसापासून तुम्ही आपोआप तिचे ग्राहक ठरता. मात्र हा आपसूक लागू होणारा दर बहुधा महाग असल्याने, तारीख व रीडिंग कळवून दुसरी योजना निवडावी किंवा सरळ कंपनीच बदलावी. त्यासाठी दंड पडत नाही.

मीटर प्रीपेड असल्यास जुन्या मालकाचे रिचार्जचे कार्ड किंवा रिचार्जची चावी वापरू नये, कारण त्याची थकबाकी तुमच्या पैशांतून वळती होऊ शकते.

पाण्याची कंपनी निवडता येत नाही. लंडनच्या बहुतांश भागात ती थेम्स वॉटर असते. नव्या संकुलांत अनेकदा सामायिक हीटिंग (सगळ्या फ्लॅटना एकाच ठिकाणाहून उष्णता) असते, तेव्हा फ्लॅटमध्ये गॅसचा मीटर नसतोच आणि उष्णतेचे बिल संकुलाने ठरवलेल्या कंपनीकडून येते. तीही बदलता येत नाही, म्हणून तिचा दर खरेदीपूर्वीच वकिलामार्फत विचारून घेणे शहाणपणाचे.

कौन्सिल टॅक्ससाठी (घरामागे द्यावा लागणारा स्थानिक कर) स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, नोंदणी करावी; घरात एकच प्रौढ राहत असल्यास २५ टक्के सूट मिळते, पण ती मागावी लागते.