हिमवृष्टीत गाडी काढण्यापूर्वी
तुम्हाला पडत्या बर्फाची धास्ती वाटते, पण माझ्या मते खरा धोका तापमान ० अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळत असताना डांबरावर जमणाऱ्या बर्फाच्या पातळ, पारदर्शक थराचा असतो, कारण तो नुसता ओला रस्ता वाटतो आणि पुलांवर, जिथे खालूनही गार वारा लागतो, तिथे सर्वांत आधी धरतो. अशा रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. चारही चाकांना जोर मिळणारी गाडी निघते झटकन, पण थांबताना तिला (हे विसरणारे बरेच असतात) कसलीही सवलत नसते. ज्या कामासाठी निघायचे आहे ते उद्या, रस्त्यावर बर्फ वितळवणारे मीठ पडल्यावर केले तर नेमके काय बिघडेल, याचे उत्तर अडखळत आले, तर किल्ली जागेवर ठेवावी आणि येत नसल्याचे फोनवर कळवावे.