पोरगा सहा फूट तीन इंच झालाय, आता पुढं काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की कॉलेजात असताना धारवाडच्या युनिव्हर्सिटी टीममधनं बास्केटबॉल खेळलेय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते बास्केटबॉलचेच प्रश्न यायला लागले. त्यामुळं सासूबाईंच्या तक्रारी आणि पिठातल्या किड्यांचे प्रश्न पुढच्या महिन्यात, रागावू नका.

प्रश्न : अक्का, माझा मुलगा सोळा वर्षांचा, उंची सहा फूट तीन इंच. तीन वर्षं झाली खेळायलाय, जिल्ह्याकडनंपण खेळलाय. आता म्हणतो बारावी झाली की बास, प्रोफेशनल होणार आणि परदेशात जाणार. ह्यांचा एकच हेका, खेळून पोट भरतंय काय? त्यात एका माणसाचा फोन आलाय, युरोपात ट्रायल करून देतो, आधी 90 हजार भरा. काय करू? — एक आई, टिळकवाडी

उत्तर : ताई, पैसे भरू नका. एक रुपयासुद्धा नको. बाकीचं सावकाश वाचा पण हे आधी.

फिबा म्हणून जी जगभरच्या बास्केटबॉलचा कारभार बघते तिचा नियमच आहे की अठरा पूर्ण व्हायच्या आत खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही, अगदी खास कारण असलं तरच, आणि अठरानंतरसुद्धा आपल्या फेडरेशनकडनं लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे जायला हरकत नाही असं पत्र, लागतंच. शिवाय एजंटकडं फिबाचं लायसन्स पाहिजे. ते मागा त्याला, बघा कसा फोन ठेवतोय. खरा एजंट करार झाला की त्यातनं आपलं कमिशन घेतो, कराराच्या आधी आईच्या बांगड्या मोजत बसत नाही.

आता परदेशाचं खरं काय ते सांगते. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच, चौदाव्या वर्षी स्कॉलरशिपवर फ्लोरिडाला गेला आणि 2015 ला डॅलस मॅव्हरिक्स क्लबनं त्याला एनबीए, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग, तिच्या ड्राफ्टमध्ये 52 व्या नंबरला घेतलं, भारतात जन्मलेला पहिलाच. आपण सगळे नाचलो. पण एनबीएची एक मॅच म्हणून तो खेळला नाही, हे काय पेपरात तेवढ्या मोठ्या अक्षरात आलं नाही. ड्राफ्ट म्हणजे नोकरीचं पत्र नव्हे ओ. खानापूरच्या बशीत खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच ते, क्लबनं तुमच्यावर रुमाल टाकलेला असतो, पुढं बसायला मिळंलच असं नाही. आणि रुमाल तरी किती, दरवर्षी सगळ्या जगातनं साठेक पोरांवर.

मग एनबीए सोडून बाकी जग आहे की नाही? आहे की. 2017 ला विशेष भृगुवंशीला ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड थर्टीसिक्सर्सनं करारावर घेतलं आणि त्याच वर्षी अमृतपाल सिंगला सिडनी किंग्जनं. हा अमृतपाल शेतकऱ्याचा पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉलच्या वाटेला गेला नव्हता, आणि सिडनीच्या आधी जपानमध्येपण खेळून आलेला. म्हणजे तुमच्या पोराला उशीर झालाय असं अजिबात नाही. पण एक गोष्ट त्याला समोर बसवून सांगा : तिकडं परदेशी खेळाडूंच्या जागा टीममागं दोन-चार असतात आणि त्या जागेवर बसायला अमेरिकेतनं पोरं रांगेत उभी असतात, करार बहुतेक वेळा एका सीझनचा, गुडघा दुखावला नाहीतर कोच बदलला की बॅग भरून घरी. घरी आल्यावर पायाखाली काय आहे, हा प्रश्न आहे.

आणि इथं मी तुमच्या ह्यांच्या विरुद्ध आहे, पोट भरतं. फक्त ते ज्या दारातनं भरतं ते दार टीव्हीवर दाखवत नाहीत. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सर्व्हिसेस म्हणजे सैन्यदलं, यांच्या टीमा आहेत, पोरं तिथं नोकरीला लागतात आणि खेळत राहतात, महिन्याच्या महिन्याला पगार. विशेष भृगुवंशी इतकी वर्षं भारताचा कॅप्टन होता, तोसुद्धा ओएनजीसीचाच माणूस. लीगवर भरवसा ठेवून घर चालवू नये, आपल्याकडची यूबीए लीग 2015 ला सुरू झाली आणि 2017 नंतर दिसली नाही, मग 2022 ला आयएनबीएल ही दुसरी लीग आली, ती आली ते चांगलंच झालं, पण तो वरकमाईचा भाग समजा. माझ्या मते परदेशाचं स्वप्न बघायचं तर नोकरीच्या ओट्यावर उभं राहून बघावं. त्यासाठी बारावीनंतर कॉलेज पाहिजेच, कारण युनिव्हर्सिटीच्या स्पर्धा कॉलेजशिवाय खेळायला मिळत नाहीत.

राहिलं आपल्या बेळगावचं. इथं जून ते सप्टेंबर उघड्यावरच्या सिमेंट कोर्टवर शेवाळ धरतं, आम्ही खराट्यानं पाणी काढून, बुटाचा तळवा तळहातानं पुसून पुसून खेळायचो, तरी घसरायचोच. पोराला पावसाळ्यात आत लाकडी फ्लोअर मिळतंय का बघा, नाही मिळालं तर तेवढे महिने पळणं, दोरीउड्या, भिंतीवर पास, पण ओल्या सिमेंटवर उड्या नकोत, गुडघे एकदाच मिळतात. दुसरं म्हणजे कन्नड येऊ दे. राज्याची ट्रायल बेंगळूरला, रात्रभर राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसून जायचं आणि सकाळी कोर्टवर उभं राहायचं. माझ्या पहिल्या ट्रायलला कोच ओरडायला लागले "हिंदे, हिंदे!" आणि आमच्या मराठी शाळेतल्या डोक्याला वाटलं हिंदीत बोल म्हणताहेत. मी आपली "जी सर" म्हणून तिथंच उभी, आणि माझ्या पाठीमागनं समोरच्या टीममधल्या पोरीनं आरामात बास्केट केली. हिंदे म्हणजे मागं! आठ मिनिटं खेळवलं आणि बसवलं. सीमाप्रश्न कोर्टात असू दे, आपल्या कोर्टवर मात्र कोच बोलतो ती भाषा कळलीच पाहिजे.

प्रश्न : मी बीए सेकंड इयरला आहे, उंची पाच फूट पाच. सगळे म्हणतात मुलींना यात काही स्कोप नाही आणि तू तर बुटकी. सोडू का? — वाचक, खानापूर

उत्तर : सोडू नको. केरळची गीतू अ‍ॅना जोस 2006 ला ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडनं खेळायला गेली, 2011 ला डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली बायकांची लीग, तिच्या टीमांनी तिला ट्रायलला बोलावलं. निवड झाली नाही, पण तिच्या हातात सदर्न रेल्वेची नोकरी होती. पी. अनितापण रेल्वेचीच, तिला 2021 ला पद्मश्री. आणि आपल्या बाजूची बघायची तर पुण्याची शिरीन लिमये, भारताची कॅप्टन झाली, तीही रेल्वेत. गीतू सहा फुटाच्या वर होती हे खरं, तू काय बास्केटखाली उभी राहून तिच्याशी झुंजणार नाहीस, तू गार्ड हो, म्हणजे लांबनं बॉल घेऊन येऊन खेळ चालवणारी. डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे, मान वर ठेवून ड्रिबल करता आलं पाहिजे, रोज डाव्या हातानं शंभर शॉट मार आणि मग मला सांग बुटकी कोण म्हणतंय. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याला वय 18 ते 25 चालतं, त्यात सूट नाही, म्हणून सर्टिफिकेटं गोळा करायला आत्तापासूनच लाग, आणि प्रत्येकावर नाव दहावीच्या मार्कशीटसारखंच आहे ना बघून घे. आडनावाचं स्पेलिंग कन्नडवरनं इंग्लिशमध्ये जाताना काय काय होतं ते मला विचारू नको.

प्रश्न : नातू जिमवाल्याच्या सांगण्यावरून डब्यातली पावडर दुधात घालून पितोय. खेळाडूला चालतं का? — आजोबा, निपाणी

उत्तर : काका, वर ज्या सतनामबद्दल लिहिलंय त्यालाच 2020 ला नाडानं, म्हणजे खेळाडूंचं डोपिंग तपासणाऱ्या संस्थेनं, दोन वर्षं खेळायला बंदी घातली, टेस्टमध्ये हायजेनामाइन हे बंदी असलेलं द्रव्य सापडलं होतं. हे असलं द्रव्य काही सप्लिमेंटमध्ये असतं, आणि पोटात कसं गेलं हे ऐकून कोणी सोडत नाही, सापडलं की खेळाडूच जबाबदार. नंतर तो अमेरिकेत टीव्हीवरच्या कुस्तीत गेला, आपल्या मातीतल्या न्हवे, त्या झगमगाटाच्या. नातवाला अंडी, शेंगदाणे, दूध द्या, आणि डबा घ्यायचाच असेल तर जिमवाल्याला नको, स्पोर्ट्सच्या डॉक्टरला दाखवून.

प्रश्न : अंगणात रिंग बसवायची आहे, किती उंचीवर? मुलगी नऊ वर्षांची. — बाबा, वडगाव

उत्तर : मोठ्यांची रिंग 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट. पण नऊ वर्षांच्या पोरीला एवढ्या उंच रिंगेवर मारायला लावलं की ती खांद्यामागनं बॉल फेकायला शिकते आणि ती सवय मग जात नाही. मिनी बास्केटबॉलला 2.60 मीटर असते, तेवढीच ठेवा, बॉल पाच नंबरचा. खांब वरखाली करता येईल असा वेल्डिंगवाल्याकडनं करून घ्या, आणि फणसाच्या झाडाला ठोकू नका, आमच्या वडिलांनी ठोकली होती, बॉलपेक्षा फणस जास्त पडले.