सर्कशीतले गुप्तहेर लिहिताय? मग हे वाचा

जुन्या जमान्यातल्या सर्कशीतली माणसंच गुन्ह्याचा छडा लावतात, ही तुझी गोष्टीची कल्पना मला खूपच आवडली, पण काळ नक्की कर आधी. 'जुना जमाना' एवढ्याने भागत नाही. माझं ऐकशील तर 1880 नंतरची वीसेक वर्षं घे, विष्णुपंत छत्र्यांनी ग्रेट इंडियन सर्कस काढली तो काळ. कियारिनीची इटालियन सर्कस बघून हा घोडे शिकवणारा माणूस पेटला, आणि गंमत म्हणजे गाण्याचाही वेडा, रहिमतखाँसारखा गवई त्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरायचा! आता बघ, तंबूत असा एखादा (काल्पनिक) गवई ठेवलास तर अंधारात ऐकलेला आवाज तो महिन्यानंतरही ओळखेल, साक्षीदार आयता मिळाला.

तपास प्रत्येकाच्या कामातूनच येऊ दे. झुल्यावरची पोरगी दोर तुटला की कापला ते गाठ बघूनच सांगेल, घोडेवाला टापांवरून लंगडा घोडा ओळखेल, आणि वाघ रात्री का गुरगुरला नाही हे फक्त त्याला खायला घालणाऱ्यालाच कळणार. बोटांचे ठसे मात्र प्लीज आणू नकोस, कलकत्त्यात ठशांचं ऑफिसच 1897 ला निघालं. त्याच सुमाराला प्लेग होता, रेल्वेत प्रवाशांना उतरवून तपासायचे, म्हणजे अख्खी सर्कस एखाद्या स्टेशनात अडकवता येते आणि खुनी पण आतच अडकतो, याच्याहून भारी सिच्युएशन मला तरी सुचत नाही. पहिलं प्रकरण तिथूनच लिही, नॉस्टॅल्जियाची वर्णनं नंतर भर.