कॉमिक्सात असं नव्हतं म्हणून सोडू नको

बाळा,

'घोस्ट रायडर' पिक्चरवर लिहिलेलं तुझं काल रात्री दोनदा वाचलं, मन लावून लिहिलंयस, खरं सुरवातीपासून शेवटपर्यंत तक्रार एकच की कॉमिक्सात असं नव्हतं. १९७२ च्या कॉमिक्सातला जॉनी ब्लेझ, म्हणजे पेटत्या कवटीचा मोटरसायकलवाला घोस्ट रायडर होणारा स्टंटवाला, सैतानाशी सौदा करतोय तो क्रॅश सिम्पसनच्या कॅन्सरसाठी, म्हणजे ज्यानं त्याला पोरासारखं वाढवलं त्याच्यासाठी, आणि २००७ च्या पिक्चरात सख्ख्या बापासाठी. बरोबर पकडलंस. खरं त्यानं बिघडलं काय सांग की! दोन्हीकडं माणूस कॅन्सरातनं उठतोय आणि स्टंट करताना जातोय, सौद्यातली फसवणूक तशीच्या तशी राहिलीय.

आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथांचं आठव. अफझलखानाचा वध लहानपणापासून किती मंडळांचा बघितलास, गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी पहाटेपर्यंत उभी राहिलेली माणसं एका ट्रॅक्टरपुढं गप्प होतात आणि दुसरा नुसता पुढं जाऊ देतात. अंगरख्याचा रंग कोण बघत बसत नाही, खानानं मिठी मारल्यावर आपला श्वास अडकला काय, तेवढंच.

आणि कॉमिक्स म्हणजे तरी कुठलं धरायचं? समोरच्याला त्याची पापं भोगायला लावणारी ती नजर, पेनन्स स्टेअर, जी तुला पिक्चरात सगळ्यात आवडली, ती जॉनीची नव्हतीच, १९९० च्या कॉमिक्स सिरीजमधल्या डॅनी केच ह्या दुसऱ्या घोस्ट रायडरबरोबर ती आली. दिग्दर्शक मार्क स्टीव्हन जॉन्सननं ती उचलून जॉनीला दिली. तिथं तू काही बोलला नाहीस, कारण ती शोभली.

माझ्या मते अलौकिक हिरो असला की दोनच गोष्टी धरून बसायचं, त्याच्या शक्तीला नियम काय आणि त्याला त्याची किंमत काय पडते. नियमाचं ह्या पिक्चरनं चांगलं केलंय. सैतानाचा पोरगा ब्लॅकहार्ट, पिक्चरातला खलनायक, त्याला आत्माच नाही म्हणून ती नजर त्याच्यावर चालत नाही, मग तो हजार आत्मे गिळतोय आणि तिथंच सापडतोय, कारण आता त्याच्या आत पापं आली. हे तुझ्या लिखाणात एक ओळसुद्धा नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटलं, एवढं नीट बांधलेलं काम!

किंमतीत मात्र पिक्चर कमी पडतोय. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत एका बाईच्या अंगात आलेलं मी जवळनं बघितलंय, त्यातलं माझ्या डोक्यात राहिलं ते नंतरचं, घामानं भिजून भिंतीला टेकलेली, पाणी मागत होती, आणि आपण काय बोललो ते शेजारणीला विचारत होती. जॉनी झालेल्या निकोलस केजची कवटी पहिल्यांदा पेटते तेव्हा कळ आणि हसणं एकदम येतं, तिथं मी पूर्ण विश्वास ठेवला. पुढं पुढं ती कळ कमी होत जाते, आणि कळ गेली की उरतात नुसते ग्राफिक्स.

तसंच कार्टर स्लेडचं, पिक्चरातल्या जॉनीच्या आधीच्या घोस्ट रायडरचं. १९६७ च्या कॉमिक्सात हा पांढऱ्या कपड्यातला घोडेस्वार साधा माणूस होता, कसली दैवी शक्ती नाही. पिक्चरनं त्याला पेटता घोडा दिला, बदल मोठा खरं मला मान्य आहे, वाळवंटात मोटरसायकल आणि घोडा बरोबरीनं पळतात तेव्हा अंगावर काटा येतोय. आणि मग लढाईच्या तोंडावर तो म्हणतोय माझी एवढीच एक फेरी शिल्लक होती, आणि जातोय! नियम आधी सांगितलाच नाही, जायच्या वेळी सांगितला. कॉमिक्स कधी न वाचलेली तुझी आजीसुद्धा तिथं विचारणार, मग आला कशाला एवढ्या लांब? तुझी तक्रार इथं हवी होती.

रविवारी खानापूरहून दुपारच्या बसनं ये, वही घेऊन ये. तो घोड्याचा सीन पुन्हा लावू, आणि स्लेडची ती फेरी आधी कुठं सांगता आली असती ते तू मला दाखव.

तुझा
काका