‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ अल्बमच्या जुन्या एलपीवर (तबकडीवर) पहिल्या बाजूचा सूर चढा का लागतो?

तुमचा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) ठीक आहे, उगाच बेल्ट बदलत बसू नका. घोळ मूळ टेपमध्येच आहे. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत (पूर्वीचं चर्च होतं ते) ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ही बाजू रेकॉर्ड केली, तेव्हा मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर वर सरकतो. इथे जवळजवळ पाव स्वर. याच बाजूच्या ‘सो व्हॉट’ या रचनेसोबत पियानो वाजवून बघा, कुठलीच पट्टी धड जुळत नाही! दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती व्यवस्थित आहे. नशीब, २ मार्चला जोडीला दुसरं मशीनही सुरू होतं. त्याच्याच टेपवरून १९९२मध्ये वेग सुधारला. मी तरी आता तीच सुधारलेली आवृत्ती ऐकतो.