‘बाकी सगळे येते, हा एकच धडा येत नाही’

नवीन वर्ष सुरू झाले की जळगावातील माझ्या समुपदेशन केंद्रात नीटच्या विद्यार्थ्यांची ये-जा वाढते आणि त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची तक्रार जवळपास एकाच शब्दांत येते. वनस्पतींचे प्रजनन पाठ आहे, आनुवंशिकता येते, पण मानवी प्रजननाचा धडा कितीही वेळा वाचला तरी डोक्यात राहत नाही. परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असल्यामुळे पालकही धास्तावतात आणि ‘मॅडम, स्मरणशक्ती वाढवायचे काही तंत्र सांगा’ अशी गळ घालतात. मुले लाजतात म्हणून असे होते, हे ठरावीक स्पष्टीकरण मला कधीच पुरेसे वाटले नाही. लाजणारा विद्यार्थी धडा उघडतच नाही. माझ्याकडे येणाऱ्यांनी मात्र तो इतर कुठल्याही धड्यापेक्षा जास्त वेळा वाचलेला असतो.

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून एका विद्यार्थिनीचे उदाहरण येथे देते. ती यावल तालुक्यातील केळीबागाईतदाराची मुलगी. दहावीपर्यंत गावात मराठी माध्यमात शिकलेली आणि आता क्लाससाठी जळगावात खोली घेऊन राहणारी. सराव परीक्षेत जीवशास्त्रात तिला उत्तम गुण मिळत, पण ऋतुचक्रावरचा प्रश्न आला की उत्तर हमखास चुकत असे. सुट्टीला घरी गेल्यावर आजी ‘हाई काय वाची राहिनी व?’ असे विचारायची आणि ती आकृतीवर हात ठेवून पान उलटायची. पहिल्या भेटीत तिने एवढेच सांगितले आणि ‘संकोच वाटतो’ असे तयार उत्तरही स्वतःच देऊन टाकले.

पुढच्या भेटीला मी तिला पाठ्यपुस्तक घेऊन यायला सांगितले. इतर धड्यांत पिवळ्या-हिरव्या हायलायटरच्या नीटनेटक्या खुणा होत्या. ऋतुचक्राच्या आलेखाचे पान मात्र हाताळून मऊ पडले होते आणि ‘२८’ या आकड्याखाली लाल बॉलपेनाने इतक्या रेघा ओढल्या होत्या की एके ठिकाणी कागद फाटला होता.

“या आकड्याखाली इतक्या रेघा कशासाठी?”

“तो चुकतो म्हणून.”

“तुझ्या उत्तरपत्रिका मी पाहिल्या. २८ कुठेच चुकलेला नाही. चुकते ते त्याच्या पुढचे.”

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पुस्तकाकडे पाहतच म्हणाली, “मॅडम, माझे ३४-३५ दिवसांचे असते. कधीच २८ नसते.”

त्यानंतरचे बोलणे मला फारसे काढून घ्यावे लागले नाही. तिच्या काकूंना मूल झाले नव्हते आणि घरातील बायकांनी त्याचे कारण ‘तिचे महिन्याचे कधी वेळेवर नव्हतेच’ असे ठरवून टाकले होते. ते ऐकत मोठी झालेली ही मुलगी धडा वाचायला बसली की प्रत्येक ओळीत काकू आणि स्वतः यांचाच शोध घेत होती. परिच्छेद संपेपर्यंत तिच्या मनात संप्रेरकांची नावे राहत नव्हती. ‘मलाही मूल होणार नाही’ एवढेच राहत होते.

घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ आपल्याला अधिक छळतो, या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर मी काम करते आणि तो अर्थ पुराव्यावर घासून पाहावा, असा माझा आग्रह असतो. या प्रकरणात तो पुरावा, सुदैवाने, त्याच पानावर छापलेला होता. मी तिला धीराचे शब्द दिले नाहीत, आलेखाचे दोन भाग पाडायला सांगितले. पाळीच्या पहिल्या दिवसापासून अंडमोचनापर्यंतचा, म्हणजे अंडाशयातून बीजांड बाहेर पडेपर्यंतचा काळ हा पहिला भाग. अंडाशयात पुटिका, म्हणजे बीजांड असलेली पिशवी, वाढण्यास लागणारा हा वेळ प्रत्येक स्त्रीमध्ये, आणि एकाच स्त्रीमध्ये महिन्यागणिकही, कमी-जास्त होतो. एलएच या संप्रेरकाची पातळी एकदम उंचावली की अंडमोचन होते आणि रिकाम्या पुटिकेचे पीतपिंड बनते. पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचा अंतःस्तर टिकवून धरते. गर्भधारणा झाली नाही तर साधारण १४ दिवसांत पीतपिंडाचा ऱ्हास होतो, प्रोजेस्टेरॉन घटते आणि पुढची पाळी येते. हा दुसरा भाग त्या मानाने स्थिर असतो.

“मग ३५ दिवसांच्या चक्रात लांबले काय?”

तिने बोटांच्या पेरांवर मोजले. “पहिला भाग. म्हणजे अंडमोचन १४व्या दिवशी नाही, २१व्या दिवसाच्या आसपास.”

“त्यात कमी काय आहे?”

“कमी काहीच नाही. उशिरा आहे.” आणि क्षणभर थांबून तिने विचारले, “मग ज्यांचे चक्र २४ दिवसांचे, त्यांचे दहाव्या दिवशी?”

या प्रश्नाला मी या प्रकरणातील खरे वळण मानते, कारण त्या धड्याविषयी तिने विचारलेला स्वतःबद्दलचा नसलेला हा पहिलाच प्रश्न होता. पुस्तकातला २८ हा आकडा केवळ उदाहरणादाखल घेतलेला असतो, हे आता तिला मी सांगण्याची गरज नव्हती. स्मरणशक्तीचे एकही तंत्र मी तिला शिकवले नाही, हेही मी मुद्दाम नोंदवते. पुढच्या सराव परीक्षांत तो घटक तिला अडला नाही.

तेव्हापासून ही तक्रार आली की मी ‘किती वाचलेस?’ असे विचारत नाही, ‘कोणत्या ओळीपाशी थांबतोस?’ असे विचारते. एका वेळच्या वीर्यात २० ते ३० कोटी शुक्रजंतू असतात आणि प्रजननक्षमतेसाठी त्यांतील किमान ६० टक्क्यांचा आकार सामान्य व किमान ४० टक्क्यांची हालचाल जोमदार असावी लागते, या ओळीपाशी कितीतरी मुलगे अडतात. झोपेतील वीर्यस्खलनाने आपला साठा संपला, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात यौवनारंभापासून वृषणांत शुक्रजंतूंची निर्मिती सतत चालू असते आणि हे वाक्यही त्याच धड्यात असते. दोन बहिणींच्या पाठीवर जन्मलेली एखादी मुलगी लिंगनिश्चितीपाशी अडते, कारण मुलीच झाल्या म्हणून तिच्या आईला बोल लागलेले तिने ऐकलेले असतात. बाळाला एक्स गुणसूत्र मिळून मुलगी होणार की वाय मिळून मुलगा, हे पित्याच्या शुक्रजंतूवरून ठरते, ही ओळ तिला गुणांसाठी नव्हे, आईसाठी वाचायची असते. २०११च्या जनगणनेत बालवयोगटातील मुलींचे प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यांत जळगाव होते, त्यामुळे अशा मुली माझ्याकडे येतात याचे मला आश्चर्य वाटत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे की ‘हा धडा घरी वाचून या’ असे सांगू नये. खोलीत एकट्याने वाचणाऱ्या मुलाला त्या पानावर स्वतःच्या शरीराचा निकालच दिसतो. तोच आलेख वर्गात फळ्यावर काढला आणि २४, २८ व ३५ दिवसांची तिन्ही चक्रे शेजारी शेजारी मांडली, तर तो जीवशास्त्राचा आलेख होतो. आयांनी मुलीला चक्राच्या तारखा वहीत लिहायला सांगावे आणि ती वही पाहून तर्क लढवू नयेत. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत २१ ते ४५ दिवसांचे आणि त्यानंतर २१ ते ३५ दिवसांचे चक्र सामान्य मानले जाते. सलग तीन महिने पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांहून अधिक राहिला किंवा दुखण्याने वर्ग बुडू लागला, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे आणि ‘परीक्षा होऊ दे, मग पाहू’ असे म्हणून ती तपासणी मे महिन्यापर्यंत लांबवू नये.