नवा प्रेस घेण्याआधी डाय बदलायला किती वेळ जातो ते मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीस माणसांचं प्रेस शॉप आहे, म्हणजे प्रेस मशीनवर डाय (साचा) चढवून पत्र्याचे पार्ट दाबून काढायचा कारखाना, ऑर्डरी आहेत, तरी माल वेळेवर जात नाही आणि रिजेक्शनही वाढतंय. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची कुठली पद्धत आधी लावू, की सरळ नवा प्रेस घेऊ?

प्रेसचं कोटेशन महिनाभर ड्रॉवरमध्ये राहू द्या. आधी एकच आकडा काढा. जुन्या डायचा शेवटचा पीस पडला तिथपासून नव्या डायचा पहिला ओके पीस हातात येईपर्यंत किती मिनिटं गेली? हे सेटरला, म्हणजे डाय बदलणाऱ्या माणसाला, विचारून कळणार नाही, तिथं उभं राहावं लागेल.

मी भोसरीला एका प्रेस शॉपमध्ये आयई, म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअर, म्हणून होतो. मालकांना विचारलं तर म्हणाले, "पाऊण तास, फार तर तास." मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो. आमचे सेटर, सगळे त्यांना मामा म्हणायचे, वीस वर्षं प्रेसवर काढलेला माणूस. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आधी डाय कुठंय ते शोधून द्या, मग घड्याळ लावा."

त्या दिवशी ११८ मिनिटं लागली. डाय रॅकमध्ये शोधणं आणि फोर्कलिफ्टची वाट पाहणं यात २६. टी-बोल्ट, पाना, पॅकिंग गोळा करण्यात १९. जुनी डाय काढून नवी बांधायला ३१. शट हाइट (डाय मिटल्यावरची उंची) जुळवणं आणि ट्रायल स्ट्रोक यात २४. आणि पहिला पीस घेऊन क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्यांच्या, दारात १८. म्हणजे मामांच्या हातचं खरं काम ३१ मिनिटांचं, बाकी वेळ शोधण्यात, जुळवण्यात आणि वाट बघण्यात गेला. माणूस मात्र पूर्ण वेळ धावत होता, म्हणून लांबून बघणाऱ्याला सगळं जोरात चाललंय असंच वाटायचं.

हे दुखणं काही आपलंच नाही. १९५० साली हिरोशिमात माझदाच्या कारखान्यात शिगेओ शिंगो हे जपानी इंडस्ट्रियल इंजिनिअर ८०० टनी प्रेसवर डाय बदल बघत होते. मध्येच एक कामगार पळत गेला तो तासाभराने परतला. डायचा एक बोल्ट सापडत नव्हता. शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट आणून, कापून, आटे पाडून लावला. त्यातूनच शिंगोंनी कामाचे दोन भाग पाडले: प्रेस बंद असतानाच होऊ शकतं ते, आणि प्रेस चालू असताना आधीच उरकता येतं ते. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसचा चार तासांचा बदल आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. तुम्ही तीन मिनिटांच्या मागे लागू नका. तसे प्रेस, तशा डाय आणि तेवढी माणसं आपल्याकडे नसतात.

आम्ही काय केलं ते सांगतो. चालू लॉटचे, म्हणजे एका डायवर एका वेळी काढायच्या मालाचे, शेवटचे तीनेकशे पीस राहिले की हेल्परने पुढची डाय ट्रॉलीवर प्रेसशेजारी आणून ठेवायची, बोल्ट आणि पाना त्याच ट्रॉलीच्या कप्प्यात. क्यूसीला दहा मिनिटं आधी निरोप. हे सगळं फुकटात झालं. खरा फायदा मात्र प्लेटांनी दिला. त्या प्रेसवर चढणाऱ्या सात डाय होत्या आणि सातांची उंची वेगवेगळी, त्यामुळे दर वेळी रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा हलणारा भाग, वरखाली करून अंदाज घ्यावा लागे. प्रत्येक डायखाली मोजून प्लेट कायमची बसवली, सातही डायची शट हाइट एक झाली. क्लॅम्प जिथं बसतो तिथली जाडीही सारखी केली, म्हणजे एकाच मापाचे बोल्ट सगळ्यांना चालतात. ही कल्पना मामांची, माझी नव्हे. दोन महिन्यांनी बदल ३४ मिनिटांवर आला. खर्च नव्या प्रेसच्या जीएसटीइतकाही नव्हता. एक गोष्ट मात्र सोडू नका: घाईत सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ नये म्हणून लावायचा अडसर) न लावता रॅमखाली हात घालणारे असतात. तिथं वाचवलेला मिनिट मला नको.

आता रिजेक्शन. तुम्ही ते वेगळं दुखणं समजताय, माझ्या मते ते याच दुखण्याचं आहे. बदलाला दोन तास लागतात म्हणून एकदा डाय चढली की मालक ९००० पीस काढूनच उतरवायचे. एकदा पंचची, म्हणजे डायच्या पत्रा कापणाऱ्या भागाची, कड उडाली, पीसच्या कडेला बर्र (धारदार कुसळ) यायला लागली, आणि ते कळलं ते पुढच्या वेल्डिंगला, तिसऱ्या दिवशी. तोवर क्रेट भरून गेले होते. चार बायका आणि दोन पोरं दोन दिवस सॉर्टिंग करत बसली. बदल ३४ मिनिटांवर आल्यावर लॉट ३००० चा केला. पूर्वी एका बदलाला जायचा तेवढ्या वेळात आता तीन बसत होते. एका वेळी किती पीस काढणं स्वस्त पडतं याचं, हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९१३ मध्ये मांडलेलं सूत्र वापरलं तर लॉट साधारण निम्मा निघतो. आम्ही त्याहून खाली गेलो, कारण त्या सूत्रात खराब मालाने भरलेल्या क्रेटचा हिशेब नसतो.

त्याच वेळी आणखी एक सवय लावली. लॉटचा शेवटचा पीस तारेने डायलाच बांधायचा. पुढच्या वेळी डाय चढवण्याआधी तो पीस बघायचा, कड खराब दिसली तर डाय आधी टूलरूमला. पूर्वी ही तपासणी डाय प्रेसवर चढल्यावर, पहिल्या पन्नास पीसांवर व्हायची.

पुस्तकी पद्धतींची नावं तुम्हाला खूप जण सांगतील. पवईचं निटी, आताचं आयआयएम मुंबई, १९६३ मध्ये याच विषयासाठी निघालं आणि तिथं शिकलेली चांगली माणसं मी पाहिली आहेत. पण तीस माणसांच्या शॉपमध्ये भिंतीवर ओईईचे (मशीनचा किती चांगला वापर होतो ते दाखवणाऱ्या आकड्याचे) रंगीत चार्ट लावून सुरुवात करू नका. एका बदलाचा मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा आणि सेटरला शेजारी बसवून बघा. साहेबांच्या केबिनमध्ये नाही, चहाच्या टपरीवर चालेल. व्हिडिओत पाय किती चालले ते बघा, हात किती चालले ते नको. आणि पहिल्याच दिवशी त्यांना सांगा की यातून कुणाचा ओव्हरटाइम किंवा नोकरी जाणार नाही. तसं खरंच करणार नसाल तर व्हिडिओही काढू नका, दुसऱ्या वेळी कुणी खरं काम दाखवणार नाही.

आमच्याकडे सहा महिन्यांनी काय झालं तेही सांगतो. प्रेस दुपारी मोकळा राहायला लागला आणि माल बाहेर प्लेटिंगवाल्याकडे जाऊन तीन तीन दिवस रांगेत पडायला लागला. त्याच्याकडे मी स्टॉपवॉच घेऊन गेलो, तर त्याने चहा पाजला आणि घड्याळ खिशात ठेवायला सांगितलं.